चेकवरच्या दोन रेघा

आमच्या बँकेतले ते कारकून चेक हाती आला की आधी तळाचे आकडे वाचायचे. खराडीतल्या नोकरीचा माझा पहिला चेक पाहून म्हणाले, "चारशे अकरा म्हणजे पुणे, पुढे बँक, मग शाखा. कॉम्प्युटरवाले ना आपण? एवढं तरी यायला हवं."

एकदा मार्केट यार्डात धान्य निवडणाऱ्या एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या विम्याचा चेक घेऊन आल्या. सोबतचा दीर म्हणाला, "वहिनीला वाचता येत नाही. पैसे रोख माझ्याकडे द्या."

कारकुनांनी चेक बाईंपुढे धरला. "ताई, कोपऱ्यात या दोन तिरप्या रेघा आहेत ना? म्हणजे पैसे फक्त तुमच्या खात्यात जाणार."

"माझं खातं न्हाई."

"मग आज उघडू."

"आम्हाला उशीर होतोय," दीर गुरकावला.

"आपण निघा की. चेकवर आपलं नाव नाही."

फॉर्म त्यांनीच भरला. ओळख देणाऱ्या जुन्या खातेदाराची सही लागते, तिथे नियमांवर बोट ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःची सही केली.

"साहेब, माझं नाव कुठं हाय?" बाईंनी विचारलं. त्यांनी पेनाचं टोक एकेका अक्षराखालून सावकाश नेलं. बाई बघत राहिल्या. मग दिराकडे न पाहताच म्हणाल्या, "अंगठा कुठं करू?"