सातिबाल्दीची दुवा आणि वरच्या आळीचं पाणी

कोकदोबो गावात सभा कशी संपते हे शेळ्या-मेंढ्यांनाही पाठ होतं. सातिबाल्दी म्हातारा दोन्ही तळहात वर उघडायचा, दुवा म्हणायचा, मग सगळ्यांनी ‘ओमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवायचे आणि उठायचं. दुवा झाल्यावर पुन्हा विषय काढणं म्हणजे वाढलेल्या ताटात थुंकणं. तेवढा आगाऊपणा अजून कुणी केला नव्हता.

आता सरकारी नियम असा, की गावाचा पैसा खर्चायचा तर आधी गावाला विचारायचं, आणि विचारल्याचा फोटो काढून जिल्ह्याला पाठवायचा. गावप्रमुख एल्चिबेक मोठा कायदेपाळू. दरवर्षी न चुकता विचारायचा. आधी स्वतः पोटभर बोलायचा, मग चहा आणि बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, यायचे, मग ‘कुणाला काही विचारायचंय का?’ असं म्हणत तो डोक्यावरची उंच पांढरी टोपी जराशी मागे सरकवायचा. ती खूण. टोपी हलली की म्हाताऱ्याचे तळहात उघडलेच. लोकांचे प्रश्न बोर्सोकबरोबर पोटात जायचे.

सातिबाल्दीला यात काही वावगं वाटत नसे. जन्मभर मेंढ्या राखल्या, त्यांनी कधी मान दिला नाही. म्हातारपणी देखण्या दाढीने आणि भारदस्त आवाजाने तो मिळवून दिला. सभेत दारापासून लांबची मानाची जागा, ‘अक्साकाल’ अशी वडीलधाऱ्याची हाक, सणाला मेंढीचं मुंडकं त्याच्याच पुढ्यात. तो म्हणायचा, "मी नसतो ना, तर ही माणसं उजाडेपर्यंत भांडली असती." खरंच भांडली असती. आणि भांडून भांडून वरच्या आळीला एखादवेळी पाणीही मिळालं असतं.

कारण नळ होते खालच्या आळीत. वरच्या आळीने पाटावरून बादल्या वाहायच्या. आणि गंमत बघा, सातिबाल्दी स्वतः वरच्या आळीचा. पण पाणी भरायची त्याची बायको बुरमाकान, त्यामुळे ही भानगड त्याच्या दाढीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. त्या हिवाळ्यात ती पाटाच्या काठी बर्फावरून घसरली आणि कंबरेवर आपटली. हाड वाचलं, पण वाकणं संपलं. मग काय, म्हातारबुवांनी बादल्या उचलल्या. पहिल्याच खेपेला अर्धं पाणी बुटात, उरलेलं दाढीत गोठलेलं. खालच्या आळीच्या बायकांनी नळाशी उभं राहून ते सगळं डोळे भरून पाहिलं.

वसंतात सभा ठरली. त्या सकाळी बुरमाकान म्हणाली, "अहो म्हातारबुवा, आज जिपारगुल पाइपाचं बोलणार आहे." जिपारगुल म्हणजे शेजारीण, शाळेत स्वयंपाक करायची. "तिचं होईपर्यंत हात मांडीखाली घालून बसा."

"मी काय मुद्दाम करतो की काय?"

"छे हो, तुम्ही कशाला. ते आपोआप उघडतात. दाणे दिसले की कोंबडीची चोच उघडते, तसे."

म्हातारा फणफणला, पण कबूल झाला.

सभेत एल्चिबेकने कमानीचं चित्र दाखवलं. वेशीवर कमान, कमानीवर पंख पसरलेला गरुड. गावाची शान वाढेल, पाहुण्यांना लांबून गाव ओळखू येईल, वगैरे वगैरे. चहा आला, बोर्सोक आले. "कुणाला काही विचारायचंय का?"

जिपारगुल डोक्याचा रुमाल सावरत उठली. ती "मला" म्हणतेय तोवर टोपी हलली. आणि काय सांगावं, सातिबाल्दीचे हात उघडले. सवयच ती. पाठोपाठ सगळ्या सभेचे हात उघडले. जिपारगुल बिचारी खाली बसली, तिनेही उघडले.

फक्त बुरमाकानचे हात मांडीवर होते. ती नवऱ्याकडे बघत होती. रागाने नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. असंच होणार हे तिने घरून निघतानाच गृहीत धरलं होतं.

म्हाताऱ्याने तिचे हात पाहिले. उघडलेले हात रिकामे मिटता येत नाहीत, काहीतरी म्हणावंच लागतं. पण दुवा चालू असताना मध्ये बोलायची छाती जिल्ह्याच्या साहेबालाही होत नाही. हे इतक्या वर्षांत त्याच्या प्रथमच ध्यानात आलं.

"गावात सुख नांदो," त्याने सुरुवात केली. "गुरं वाढोत. आपला एल्चिबेक शंभर वर्षं जगो. येत्या बर्फाच्या आत त्याच्या हातून वरच्या आळीला पाइप येवो. नळ दारोदारी येवो, आळीच्या तोंडाशी एकच ठोकून त्याच्यावर आमची बोळवण न होवो. कमान मागाहून येवो, नाही आली तरी गाव सापडतंच. आणि या कामात एल्चिबेकला कुणी आडवं न येवो, तो स्वतःही न येवो."

एल्चिबेकचे तळहात वर, तोंड बंद. कारकुनाने नेमका तेव्हाच जिल्ह्यासाठी फोटो काढला.

"ओमीन!" वरच्या आळीच्या बायकांनी खिडक्या हादरवल्या. एल्चिबेकने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मुकाट्याने तोंडावरून हात फिरवला. करतो काय? सगळं गाव त्याच्या हातांकडे बघत होतं.

दारात त्याने म्हाताऱ्याला गाठलं. "अक्साकाल, तुम्ही माझा पार निकाल लावलात. गरुड घडवायला टाकलाय मी."

"मग त्याला पाणी प्यायला आमच्या आळीत पाठव."

सातिबाल्दी छाती काढून घरी आला. चुलीशी बसून शाबासकीची वाट पाहू लागला. बुरमाकान कंबर धरून सावकाश टेकली. शेवटी त्यानेच विचारलं, "काय, कशी झाली दुवा?"

"चांगली झाली," ती म्हणाली. "म्हणजे हे तुम्हाला येत होतं."

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला.

"मी आपली समजत होते, तुम्हाला जमत नाही," ती म्हणाली.

चहाला घरात पाणी नव्हतं. तो उठला, पायात बूट घातले आणि पाटाकडे गेला.