श्वेताच्या उशाशी चप्पल

नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारच्या घरी सुनेच्या उशाशी चप्पल ठेवतात. सासऱ्याची, म्हणजे रामाजींची. चामडी, घामाने काळी पडलेली, गावाकडचं शेण नि चिखल पोटभर प्यालेली.

सुनेला, श्वेताला, मिरगी आहे. झोप लागताना नाहीतर जाग येताना हातपाय झटके देतात, दातखीळ बसते, शुद्ध जाते. थोड्या वेळाने झटके आपोआप थांबतात. पण तोवर सासूबाई प्रेमिलाताईंनी चप्पल तिच्या नाकाला दाबलेली असते, आणि श्रेय जातं चपलेला! शुद्धीवर येताना बिचारीला पहिला वास येतो तो सासऱ्याच्या टाचांचा. मग ती मोरीत जाऊन ओकते.

डॉक्टरांनी बजावलं होतं: गोळ्या वेळेवर, झोप पुरी, झटके आले तर कुशीवर वळवा, नाकातोंडाशी काही नेऊ नका. नवऱ्याने, साहिलने, तिथे मान डोलावली आणि घरी येऊन आईपुढे भिजलेलं मांजर झाला. असल्या पुरुषांची मला शिसारी येते.

श्वेताचं मागणं एवढंच होतं.

"आई, थे चप्पल तेवढी उचला जी. वासानं झोपच येत नाही मले."

"तुले काय समजते वं? तिच्यानंच तर शुद्धीवर येऊन राहिली तू!"

झोप मोडली की झटके वाढतात. झटके वाढले की चप्पल उशीच्या आणखी जवळ सरकायची.

मग एकादशीला निरंकार उपास करून प्रेमिलाताई तुळशीला पाणी घालताना चक्कर येऊन पडल्या. मी कुंपण ओलांडून धावले. रामाजींनी तोंडावर पाणी मारलं, साहिल पंखा घेऊन आला. श्वेता आतून चप्पल घेऊन आली आणि घरच्या रीतीप्रमाणे सासूच्या नाकाला लावली.

बाईंनी खाडकन डोळे उघडले. "हट! दूर कर वं! काय घान मारते! जीव घेतं का माह्या?"

"मले बी घानच येते, आई," श्वेता म्हणाली.

रामाजींनी चप्पल उचलली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. वास येतो हे बाईंना ठाऊकच नव्हतं म्हणता? ठाऊक होतं. नाक सुनेचं होतं, एवढंच.

त्या रात्री चपलेच्या जागी प्रेमिलाताईंनी सुनेच्या उशाशी ठेचलेला कांदा ठेवला. श्वेताने सकाळी तो पोह्यांत घातला आणि पहिली बशी सासूबाईंपुढे ठेवली.