तामचिनीचा पेला

चेअरमनची बायको सोसायटीच्या ओट्यावर उभी. माझी माय खाली उन्हात, पदर पसरून. लढाईत माझा भाऊ पडला होता, म्हणून गावातर्फे मायची ओटी भरायची होती.

ओटी पदरात ठेवतात. बाईंनी ती वरून टाकली. विटाळ नको म्हणून. खण पडला, तांदूळ पडले. मग नारळ आला आणि जुनेराचा पदर फाटला. नारळ दगडावर आपटून फुटला. पाणी मातीत गेलं. दुष्काळाचं वर्ष. ओलसुद्धा राहिली नाही.

गर्दीतून कोणी म्हणालं, "चला, फोडायचं काम वाचलं." लोक हसले.

माय उचलायला वाकली. घरात दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीशिवाय खायला काही नव्हतं. मी सातवीत होते. मी तिचा दंड धरला.

"माय, उचलू नको."

"दादाच्या नावानं दिलाय गं."

"दिला न्हाई. टाकलाय."

माय तशीच वाकून राहिली. बा शेजारी होता, खाकी कोटावर बिल्ले लावून. तोही पलटणीतला, आजाही पलटणीतला. त्यानं मायला उभं केलं. फाटका पदर तिच्या खांद्यावर टाकला. तांदूळ सांडले. आम्ही तिघं मागं न बघता वस्तीवर आलो.

दादा सुट्टीवर आला की त्याचा तामचिनीचा पेला दाखवायचा. म्हणायचा, "ह्या एका पेल्यातून आमी समदे पाणी पेतो. जात कोणी इचारत न्हाई." माय म्हणायची, काहीतरीच सांगतोस.

त्याचा देह आला नाही. ट्रंक आली. तिच्यात तो पेला होता, कडेचा टवका उडालेला. मायनं तो पाण्यानं भरला. प्यायली नाही. धरून बसली.

मला शाळेत दादानंच घातलं. घरातली पहिली पदवी माझी. वडवणीला शिक्षिका झाले. ते त्याचे उपकार, आणि ज्या गुरुजींनी मला पुढच्या बाकावर बसवलं त्यांचेही.

परवा सोसायटीची माणसं घरी आली. नवं सभागृह बांधलंय, त्यात दादाचा फोटो हवा. जुन्या चेअरमनचा मुलगा आता चेअरमन. म्हणाला, "ताई, गावाची शान हाय तुमचा भाऊ."

मी उठले. पेला घासला, भरला, त्याच्यापुढं ठेवला. "आधी पाणी घ्या."

त्यानं पेल्याकडं बघितलं. मग सोबतच्यांकडं. "आत्ताच चहा झाला, ताई."

फोटो माझ्याच भिंतीवर आहे. माय आता नाही, बासुद्धा नाही. मी आहे. ह्या पेल्यातलं पाणी प्याल्याशिवाय माझा दादा कुणालाही मिळणार नाही.