जेवून राह्यला का?
करडईच्या तेलाचा वास आला की मंठ्याचं ते स्वयंपाकघर आठवतं. सत्तरच्या दशकात शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत मी पुण्याहून महिनाभर तिथल्या एका शेतकरी घरी राहायला गेलो होतो. तिखटानं आधीच रडकुंडीला आलेलो, त्यात पानावर बसलं की त्या घरच्या काकू विचारायच्या, "जेवून राह्यला का, लेकरा?" जेवलास, तरी इथंच राहिलास? मला तसंच ऐकू यायचं. वैतागून घरी पोस्टकार्ड लिहिलं, 'यांना मी नकोय, मला न्या', आणि ते उघडं कार्ड टाकायला काकांकडेच दिलं; त्यांनी ते वाचलं असणार. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना काकू अडखळत म्हणाल्या, "आपण जेवत आहात का?" त्यांचा मुलगा भडकला, "अरे, जेवून राह्यला म्हंजे जेवतोयस! तुला कोणी हाकललं न्हाई!" मी मान खाली घालून जेवत राहिलो, माफी मागितली नाही. पन्नाशी उलटली तरी ते सलतं, कारण काकू मला पुन्हा कधीच 'लेकरा' म्हणाल्या नाहीत.