पहिलं बाळंतपण

गारखेड्यातल्या दवाखान्यात माझी नणंद होती, तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर एक बाई रोज भेटायच्या. त्यांची गरोदर लेक मेंदूनं मृत होती. पोटातलं बाळ वाढावं म्हणून यंत्रावर तिचा श्वास चालू ठेवला होता. बाई चिंचा-कैऱ्या आणून आम्हालाच वाटायच्या. "खा की ताई, तिचे डोहाळे कुणी पुरवायचे?"

एकदा जावई कळवळून म्हणाला, "मामी, तिच्या देहाचे हाल नकोत. यंत्र बंद करू."

"ती गेली, मलाबी कळतंय. पण पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, जावईबापू. तेवढं उरकू द्या. मग लेकीला ठेवून घेता येत नाय, पाठवावंच लागतं."

मी चटकन निर्णय घेणारी, पण कोण बरोबर ते मला ठरवता येईना.

जावई रडता रडता हसला. "मग बाळंतविडा तुमच्याकडून."

"तर! कुंची शिवूनबी झाली."