सुतकात लेझीम बंद होती

"पार्किन्सन्स आहे," डॉक्टर म्हणाले आणि यांना व्हरांड्यात पुन्हा एकदा चालून दाखवायला सांगितलं. हे चालले. उजवा हात झुलतच नव्हता. तीस वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट मला परक्या माणसाने दाखवून द्यावी लागली. स्वतःचाच राग आला.

आमचे हे जालन्यातल्या एका शाळेत पीटीचे सर होते. लेझीम शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. "सावधान" म्हटलं की मैदानभर एक झांज वाजता कामा नये, हा त्यांचा नियम. एकदा सरावात छुनछुन ऐकू आली. "कोन वाजवून राह्यलं रे?" म्हणून हे ओरडले. पोरं गप्प. आवाज यांच्याच हातातल्या लेझिमीचा होता.

तो ट्रेमर, म्हणजे हात आपोआप थरथरणं. पुढे अंग ताठरलं, अक्षर मुंगीएवढं झालं. सगळ्यात वाईट ते फ्रीझिंग. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. मनात असतं, पण पाऊल उचलत नाही. उंबरठ्यापाशी तर हमखास. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "गोळ्यांनी आजार थोपवता येतो, घालवता येत नाही."

फिजिओथेरपीच्या मॅडम दर गुरुवारी पाच-सहा पेशंटांना गाण्यावर पावलं टाकायला लावायच्या. अडलेला पाय तालावर सुटतो, त्याला क्यूइंग म्हणतात. म्हणजे बाहेरून मिळणारा इशारा. हे पहिल्या दिवशी कोपऱ्यात फुगून बसले. दुसऱ्या गुरुवारी पिशवीतून लेझीम काढली आणि म्हणाले, "असं न्हाई मॅडम, डावा पाय आधी." त्या तासाभरात ते पुन्हा सर झाले. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

मग घरातही तेच. मी मागून लेझीम वाजवायची, हे पुढे चालायचे. पलंगापासून संडासापर्यंत बावीस पावलं. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत शेजारणी हसायच्या, "काकू, मिरवणूक निघाली वाटतं!" निघू दे म्हटलं. नवरा आपल्या पायांनी संडासाला जातो, एवढंच मला हवं होतं.

दोन वर्षं तसं चाललं. मग शहागडला माझे थोरले दीर वारले.

तेराव्यापर्यंत तिथेच राहायचं होतं. लेझीम पिशवीत होती. पहिल्याच सकाळी मी ती काढली, तर हे पुटपुटले, "आत्ता वैनीचं कुंकू पुसलं, अन् आपण लेझीम वाजवायची? न्हाई. बिलकुल न्हाई." मलाही ते पटलं. सुतकात घरातला टीव्हीसुद्धा बंद होता. मी लेझीम लुगड्याखाली दडपून ठेवली. गोळ्या मात्र घड्याळ लावून दिल्या. गोळ्यांना सुतक नव्हतं.

नवव्या दिवशी मागच्या दाराच्या उंबरठ्यावर यांचे पाय चिकटले. मी हात धरायला धावले, पण तोवर हे आडवे झाले होते. खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. नंतर न्युमोनिया झाला, आयसीयूबाहेरच्या बाकावर अकरा दिवस काढले. हे घरी आले ते स्ट्रेचरवरून. त्यानंतर चाललेच नाहीत.

मॅडम बघायला आल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, नुसतं तोंडानं एक-दोन, एक-दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं." त्या सहज बोलल्या, पण माझ्या काळजाला घरं पडली. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये?

जाऊबाईही आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं तरी. दवाईला मी न्हाई म्हनले असते का?" खरं तर मना कोणीच केलं नव्हतं. आम्हीच न विचारता लाजलो.

आता हे पलंगावर आहेत. गिळायला त्रास होतो, यांचं बोलणं आम्हाला कळत नाही. सुधारणा होणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलंय. तरी सकाळी मी लेझीम वाजवते. पाय हलत नाहीत. पहिले काही दिवस मी चादरीकडे टक लावून बसायचे, आता नाही बसत. कधीतरी माझा ठेका चुकतो तेव्हा यांच्या कपाळाला आठी पडते. त्या आठीसाठी मी त्या गुरुवारांची ऋणी आहे.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर ताल हे औषध समजा, आणि कुठेही जा, कोणाच्याही दारात, आधी तसं सांगून टाका.

मुलीला मी बजावून ठेवलंय, "मी आधी गेले तर तेराव्याची वाट बघायची नाही. मला पोचवून आलात की आंघोळ करा, आणि बाबांच्या उशाशी बसून लेझीम वाजवा."