चढावर थांबणारी स्टुडिबेकर

मधुमतीताई पांचाळ ऑपरेशन थिएटरमध्ये असल्या की सर्जनसुद्धा आवाज खाली ठेवून बोलायचे. मी १९९८ मध्ये भूलतज्ज्ञ म्हणून कार्डिफच्या हॉस्पिटलात रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांदेखत इंग्रजीत झापलं, आणि दुपारी कँटीनमध्ये माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून मराठीत विचारलं, "जेवलीस का गं?"

त्या थिएटर सिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्य नर्स होत्या. कराडजवळच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, १९६८ साली इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न राहून गेलं. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांच्या अंतरावर भिंतीला भिंत लागलेल्या ओळीतल्या एका लहानशा टेरेस्ड घरात राहायच्या, सगळीकडे बसने जायच्या. गाडी चालवायला शिकल्या नव्हत्या. २००२ मध्ये रिटायर झाल्यावर त्यांचं काय होणार याची आम्हालाच काळजी, कारण थिएटरखेरीज त्यांना कशात रस आहे असं कुणाला दिसलंच नव्हतं.

२००४ च्या मे महिन्यात, बँक हॉलिडेच्या सोमवारी, माझा नवरा साकेत केअरफिलीला जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळावा बघायला निघाला. मला गाड्यांतलं काही कळत नाही. सोबतीला कुणीतरी असावं म्हणून मी ताईंना फोन केला. "अमेरिकन?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि पंधरा मिनिटांत कोट घालून दारात उभ्या राहिल्या.

तिथल्या किल्ल्याशेजारच्या मैदानात पन्नाससाठ गाड्या मांडल्या होत्या. लांबलचक, चकचकीत, मागे पंख काढलेल्या. साकेत फोटो काढत पुढे गेला. ताई हात मागे बांधून चालत होत्या, वॉर्डचा राउंड घ्यावा तशा. आणि एका फिकट हिरव्या गाडीसमोर अचानक थांबल्या.

विचित्रच गाडी होती. नाकाच्या जागी विमानाच्या पंख्याच्या मधोमध असतो तसा क्रोमचा टोकदार गोळा. ताईंनी त्या गोळ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"पन्नास सालची स्टुडिबेकर," त्या मराठीत म्हणाल्या. मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

गाडीमागे फोल्डिंग खुर्चीत एक वयस्कर वेल्श गृहस्थ थर्मासमधला चहा पीत बसला होता. ग्लिन प्रोथरो त्याचं नाव. हात लावला म्हणून रागावेल असं मला वाटलं, पण त्याचं दुःख वेगळंच होतं. "बघून घ्या," तो म्हणाला, "ही तिची शेवटची फेरी. आता विकणार."

मिलफर्ड हेवनच्या तेल कारखान्यात आलेला एक अमेरिकन इंजिनियर ही गाडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात टाकून मायदेशी गेला होता. ग्लिनने ती १९८७ मध्ये तिथून ओढून आणली आणि सहा वर्षं खपून उभी केली. बायको होती तोवर दोघं सगळीकडे हिंडले. आणि आता दोन वर्षं गाडी मधेच ब्रेक धरून बसायची. सकाळीसुद्धा डोंगर ओलांडून येताना चाकांतून धूर निघाला होता.

"तीन गॅरेजांना दाखवली," ग्लिन म्हणाला. "चाकांतले सिलिंडर बदलले, मास्टर सिलिंडर बदलला. एम.ओ.टी.च्या वार्षिक तपासणीला नेली की शहाण्यासारखी पास होते!"

"सपाट रस्त्यावर कधी धरलाय ब्रेक?" ताईंनी विचारलं.

ग्लिनने जरा आठवून पाहिलं. "नाही. कधीच नाही."

"आणि आज चढावर मधेच थांबावं लागलं होतं?"

"सायकलवाले होते पुढे."

"दोन वर्षांपूर्वी क्लच नवा बसवलात का?"

ग्लिनने कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला एक ब्लँकेट द्या," ताई म्हणाल्या.

बासष्ट वर्षांच्या त्या बाईने कार्डिगन काढून माझ्या हातात दिलं, गवतावर ब्लँकेट पसरलं आणि ती पाठीवर आडवी होऊन सरळ गाडीखाली सरकली. साकेत परत आला तेव्हा त्याला फक्त ताईंचे बूट दिसले. भोवती सातआठ माणसं जमली होती. गाडीखालून आवाज यायचा, "आठ नंबर! नाही, त्याच्यापेक्षा मोठा!" आणि ग्लिन थिएटरमधल्या शिकाऊ नर्ससारखा पाने पुढे करायचा.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. या गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना जोडणारी एक झडप असते. तिच्यात एक पोलादी गोळी. चढावर क्लच आणि ब्रेक दाबून गाडी थांबवली की गोळी मागे घरंगळते आणि ब्रेकच्या तेलाची वाट अडवते. मग ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी मागे येत नाही. क्लच सोडला की वाट मोकळी. हिल होल्डर म्हणतात त्याला. नवा क्लच बसवणाऱ्याने झडपेचा दांडा नीट जुळवला नव्हता, म्हणून वाट मोकळीच होत नव्हती. सपाटीवर गोळी जागची हलत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांना दोष सापडला नाही.

"तुम्ही मेकॅनिक आहात?" ग्लिनने विचारलं.

"नाही. मेकॅनिकची मुलगी."

मग ग्लिनने ताईंना शेजारी बसवलं आणि गाडी डोंगरावर नेली. आम्ही मागून आमच्या फोर्डमधून गेलो. ऐन चढावर, वळणाच्या अलीकडे, स्टुडिबेकर थांबली. मागचे लाल दिवे विझले, म्हणजे ब्रेकवरचा पाय निघाला होता. गाडी इंचभरसुद्धा मागे आली नाही. मग अलगद पुढे निघाली आणि वर गेली.

घरी परतल्यावर ताई आमच्या दारात चहा घेताना बोलल्या.

त्यांचे वडील, बापू, यांचं पुणे-बंगलोर रस्त्यावर, कराडच्या अलीकडे, पत्र्याचं गॅरेज होतं. मिशन हॉस्पिटलच्या अमेरिकन डॉक्टरांची निळी स्टुडिबेकर त्यांच्याकडे दुरुस्तीला यायची. डॉक्टरांच्या बंगल्यावरून जुनी मासिकंही यायची, तेल पुसायला. बापू चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षर ठाऊक नाही. मधुमती मिशनच्या शाळेत जायची. वाचून झालेलंच पान पुसायला घ्यायचं, असा बापूंनी नियम केला होता. शाळेतून आली की ती टायरवर बसायची आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान मराठीतून सांगायची. बापू गाडीखालून ऐकायचे.

"नॅशची गाडी उलट्या घातलेल्या बाथटबसारखी दिसायची," ताई म्हणाल्या. "तिच्या सीट मागे पाडल्या की आत बिछाना व्हायचा. बापू म्हणाले, गाडीत झोपायची सोय करतात म्हणजे यांचे रस्ते केवढे लांब असतील! हडसनच्या गाडीत चढायचं नाही, उतरायचं, कारण तिची जमीनच खाली नेलेली. आणि टकर! तिला कपाळावर तिसरा दिवा होता, स्टिअरिंग वळेल तिकडे वळणारा. पन्नासएक गाड्या झाल्या आणि मालकावर खटला भरला. तो कोर्टात सुटला, पण तोवर कारखाना बंद पडला होता. ते वाचल्यावर बापू गाडीखालून बाहेर आले. म्हणाले, माणूस सुटला, पण गाडी अडकली बघ."

"आणि स्टुडिबेकर?" साकेतने विचारलं.

"स्टुडिबेकर भाऊ मुळात घोडागाड्या बनवणारे. त्यातला एक सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला आणि सोनं सोडून खाणवाल्यांसाठी एकचाकी ढकलगाड्या बनवत बसला. बापूंना तो फार आवडायचा. आपल्यातलाच आहे म्हणायचे."

एकदा गाडी दुरुस्त झाल्यावर बापूंनी तिला शेजारी बसवून खंबाटकीच्या घाटात नेलं होतं. मधेच थांबवून दोन्ही हात वर केले, पाय ब्रेकवरून काढला. नऊ वर्षांची मधुमती किंचाळली. गाडी हलली नाही. बापू इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्यांनी मला इंजिन उघडायला शिकवलं," ताई म्हणाल्या, "पण स्टिअरिंग कधी धरू दिलं नाही. लोक काय म्हणतील, म्हणून. आणि मी इकडे आल्यावर प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न. तिकडे एखादी स्टुडिबेकर दिसली का? दिसली तर कुठल्या रंगाची ते कळव. पाच वर्षं मी लिहीत राहिले, नाही दिसली, इथे नसतात. त्र्याहत्तरच्या जूनमध्ये तार आली. मी पोचले तेव्हा आठवा दिवस होता."

त्यांनी कप बशीत ठेवला. "एकदा तरी खोटं लिहायला हवं होतं गं, रश्मी. हिरवी दिसली, म्हणून."

साकेत उठून चहा गरम करायला गेला.

ग्लिनने गाडी विकली नाही. ताई दर गुरुवारी बसने त्याच्या गॅरेजमध्ये जाऊ लागल्या. त्याला गाडी जोडता यायची, पण तिचं दुखणं ऐकू यायचं नाही. ताईंना यायचं. कार्ब्युरेटर साफ झाला, दाराच्या रबरी पट्ट्या बदलल्या, डॅशबोर्डवरचं घड्याळसुद्धा चालू झालं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सुमनवहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मधुमतीताईंचं त्या गोऱ्या गृहस्थाशी काय चाललंय?" ताईंनी ते मागून ऐकलं. "ब्रेकचं चाललंय," त्या म्हणाल्या आणि मोदकांचं ताट घेऊन पुढे गेल्या.

२००५ मध्ये ग्लिनची नजर मधोमध पुसट व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने आपणहून लायसन्स परत पाठवलं. त्या गुरुवारी तो गॅरेजच्या दारातच बसून राहिला होता.

"आता कुणी तरी चालवायला हवी तिला," तो म्हणाला. "नुसती उभी राहिली तर मरेल."

ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात ड्रायव्हिंगचे धडे लावले. त्रेसष्टाव्या वर्षी. पहिल्या टेस्टमध्ये राउंडअबाउटवर नापास झाल्या, दुसऱ्या टेस्टमध्ये परीक्षकालाच "सीटबेल्ट पिळलाय, सरळ करा" असं सांगून पुन्हा नापास झाल्या. "त्याच्यासाठी नाही केलं नापास," मला म्हणाल्या, "आरसा बघायला विसरले." तिसऱ्या वेळी पास झाल्या आणि मला फोनवर काही न बोलता नुसत्या हसत राहिल्या. चौतीस वर्षं थिएटर सांभाळलेल्या या बाईला मी तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

पुढची अडीच वर्षं वेल्समधल्या प्रत्येक मेळाव्यात ती हिरवी गाडी दिसायची. स्टिअरिंग डावीकडे, तिथे ताई, उजवीकडे ग्लिन. ओव्हरटेक करायचं झालं तर पुढचं ग्लिनने बघायचं, पण त्याला दिसायचं नाही, म्हणून त्यांनी ओव्हरटेक करणंच सोडून दिलं. मागे गाड्यांची रांग लागायची. मैदानावर पोचले की लोक जमायचे, ताई गाडीच्या नाकावर हात ठेवून घोडागाडीवाल्या भावांची हकिकत सांगायच्या, आणि बापूंचं मत आल्याशिवाय एकही गोष्ट संपायची नाही. "माय फादर सेड," अशी सुरुवात झाली की ग्लिन आधीच हसायला लागायचा. त्याला सगळं पाठ झालं होतं. ॲबर्गॅव्हेनीला एकदा ताईंचा घसा बसला होता, तर टकरची गोष्ट त्यानेच सांगितली, बापूंच्या वाक्यासकट.

२००८ च्या मार्चमध्ये ग्लिन झोपेतच गेला. चॅपलमध्ये ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, पांढरी साडी आणि वरून काळा कोट. ब्रिस्टलहून आलेला त्याचा मुलगा नंतर ताईंकडे आला.

"बाबा म्हणाले होते, गाडी तुम्हाला द्यायची."

ताईंनी त्याचा हात धरला. "माझ्या घरापुढे पार्किंग परमिटची एक जागा, तीही गल्लीच्या टोकाला. पावसात उभी ठेवू तिला? ज्याच्याकडे गॅरेज आहे आणि चालवायची हौस आहे, अशा माणसाला द्या. फक्त मला आधी भेटू दे."

यॉर्कशरचं एक जोडपं आलं. दोघेही शिक्षक, चाळिशीतले. ताईंनी त्यांना चहा दिला, मग अख्खी सकाळ गाडीखाली आणि गाडीवर शिकवलं. झडपेचा दांडा कसा जुळवायचा ते नवऱ्याला दोनदा करायला लावलं, आणि त्याचं होईना तेव्हा बायकोला. तिचं पहिल्याच वेळी जमलं. "मग गाडी तुमची," ताई तिला म्हणाल्या.

ट्रेलर नको, चालवतच नेऊ, असं त्यांनी ठरवलं. गाडी वळणाआड गेल्यावर ताई बराच वेळ फुटपाथवर उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला. थंडगार होता, आणि तेलकट.

"रडू येईल वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आलं नाही. भूक लागली आहे."

आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून फिश अँड चिप्स घेतले आणि भिंतीवर बसून खाल्ले. खाता खाता त्यांनी सांगितलं की त्या स्वतःसाठी एक छोटी सेकंडहँड निसान मायक्रा बघतायत. चालवायची सवय मोडू द्यायची नाही.

मायक्रा आली, लाल रंगाची. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला तिच्यातून स्वॉन्झीला नेलं, तिथे कुणीतरी हडसन आणली आहे म्हणे. मोटरवेवर एक व्हॅन आमच्या पुढे आडवी घुसली. ताईंनी काच खाली केली आणि शुद्ध कराडच्या मराठीत त्या माणसाचा असा उद्धार केला की मी सीटमध्ये खाली सरकले. मग काच वर करून त्या शांतपणे म्हणाल्या, "पर्समध्ये लाडू आहेत बघ. मलाही एक दे."